तळाच्या दोन ओळी

"त्या गावात मला डोळे बांधून सोडा, तरी मी तळ्यापर्यंत न ठेचकाळता जाऊन दाखवीन!" असं तपासणीबाईंनी छापखान्यात सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हा एकालाही शंका आली नाही. येणार कशी? बाई प्रुफं तपासायच्या, आणि एकोणीस वर्षं त्या गावाचं माहितीपत्रक त्यांच्याच हाताखालून जात होतं. चार पानं, मधे दोन पिना, वर तळ्याचं चित्र. बसथांब्यापासून दुकान किती पावलं, धबधब्याला जाताना दुसऱ्या वळणावर कुठला दगड हलतो, सगळं पाठ. स्वतःच्या माहेरची वाट सांगताना बाई एखाद वेळी अडखळतील, त्या गावची सांगताना नाही.

फक्त एक बारीकशी अडचण होती. बाई त्या गावाला कधी गेल्याच नव्हत्या.

दुसरी अडचण त्याहून बारीक, आणि ती बाईंनी कुणालाच सांगितलेली नव्हती. गावचे मास्तर दरवर्षी मजकूर पाठवायचे. पाठवायचे म्हणजे काय, गेल्या वर्षीचंच पत्रक, त्यातलं बंद पडलेलं एखाददुसरं खोडून. मग चौथ्या पानाच्या तळाला दोन ओळींची जागा उरायची. छापखान्याच्या मालकांना कागदावर रिकामी जागा दिसली की सदऱ्याचं बटण तुटल्यासारखं व्हायचं. "बाई, तळाला उघडं पडलंय, भरा बघू काहीतरी," म्हणून ते चहाला निघून जायचे. आणि बाई भरायच्या.

पहिल्या वर्षी त्यांनी भरलं, 'तळ्याकाठी झाडाखाली एक बाक आहे. संध्याकाळी दोघांनी तिथं बसावं, सूर्य पाण्यात बुडताना दिसतो.' त्या वेळी बाईंच्या घरात दोन खोल्या होत्या आणि त्यातली एक घड्याळांची होती. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. एका वेळी चाळीस घड्याळं टिकटिकायची आणि चाळीस वेगळ्या वेळा दाखवायची. दोन माणसांनी निवांत टेकावं अशी जागा काही त्या घरात नव्हती, म्हणून बाईंनी ती छापून टाकली.

पत्रक घरी नेऊन त्यांनी नवऱ्याला वाचून दाखवलं. त्यानं डोळ्याचं भिंग काढलं, म्हणाला, "जाऊ की." पंधरा दिवसांनी म्हणाला, "पुढच्या वर्षी जाऊ." आणि मग सतरा वर्षं तेच म्हणत राहिला. बाईंनीही कधी फार लावून धरलं नाही. जाऊन बघितलं आणि बाक नसला तर? नवऱ्याला वाटायचं, बायकोच्या हाताखालून गेलेलं अक्षर कधी चुकत नाही. एवढं एक तरी त्याला वाटू द्यावं, असं बाईंना वाटे.

दोन वर्षांपूर्वी तो गेला. किल्ली संपलेलं घड्याळ थांबतं तसा, काही आवाज न करता. त्या वर्षी तळाच्या दोन ओळी भरायला बाईंना सकाळची दुपार झाली. शेवटी त्यांनी लिहिलं, 'धबधब्यासमोर उभं राहून हाक मारावी. डोंगर उत्तर देतो.'

आता त्यांच्या मनगटावर नवऱ्याचं घड्याळ असायचं. जगाची घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं स्वतःचं घड्याळ वीस मिनिटं मागं होतं, आणि बाईंना ते तसंच हवं होतं.

गावाला जायचं काढलं ते वन्संनी. वन्सं म्हणजे नणंद. गुडघे दोन्ही कामातून गेलेले, जीभ मात्र नवीकोरी. भाऊ गेल्यावर त्या बाईंकडेच राहायला आल्या होत्या. एक दिवस डाळ निवडता निवडता म्हणाल्या, "वहिनी, मला एकदा त्या बाकावर बसायचंय. माझा भाऊ इतकी वर्षं ज्याच्या गोष्टी सांगत होता, तो बाक न बघता मी मरणार नाही, आणि मला फार दिवस थांबायचंही नाही." आता यावर बाई काय बोलणार? 'वन्सं, तो बाक मी शाईनं बनवलाय,' असं तोंडापर्यंत आलं आणि डाळीतल्या खड्यासारखं त्यांनी ते बाजूला टाकलं.

बसमध्ये खिडकीशी बसून वन्सं कुरकुरत होत्या, की बाकाला म्हणे पाठ नाही, मग माझ्या कमरेचं काय? बाई दचकल्या. पाठ आहे की नाही याबद्दल त्यांनी एक अक्षर छापलं नव्हतं. "तुम्हाला कोण म्हणालं?" तर वन्संनी, आणखी कोण, तोच, असं म्हणून उकडलेला बटाटा तोंडात टाकला. भावानं मनानंच रचलं असेल, असं बाईंनी ठरवलं. पत्रकात जे मास्तरांचं होतं ते असणारच. पण जे बाईंचं होतं, ते कुठून दाखवायचं?

बस थांबली. दोघी उतरल्या. आणि समोर खांबाला टांगलेली पितळी घंटा बघून बाईंच्या हातातली पिशवी गळून पडली.

कारण घंटाही बाईंचीच होती! तिसऱ्या वर्षीची. 'गावात शिरताना घंटा वाजवावी, कुणीतरी सामोरं येतंच.' पिशवी उचलेपर्यंत वन्संनी छत्रीच्या दांड्यानं घंटा बडवलीसुद्धा. लगेच समोरच्या दुकानातून एक बाई साबणाच्या हातांनी धावत आली. धाप लागलेली, एका पायात चप्पल. तिनं हात पुसत यावं-यावं केलं, शेवटची बस पावणेसातला असते ती चुकवू नका म्हणून बजावलं, आणि मग न विचारताच मन मोकळं केलं. दिवसातून पाच वेळा पळावं लागतं. घंटा वाजली की ज्याच्या कानावर पडेल त्यानं हातातलं टाकून यायचं, असं गावात ठरलंय.

"कुणी ठरवलं?" बाईंनी बारीक आवाजात विचारलं.

"छापून आलंय ना," दुकानवाली म्हणाली. "छापून आलंय म्हणजे आपल्यापैकीच कुणीतरी कबूल केलं असणार. मला वाटतं मास्तरांनी केलं. मास्तर म्हणायचे, तूच केलंस. आता ते बदलून गेले, विचारणार कुणाला? पण ज्यानं कुणी लिहिलंय ना, तो एकदा या घंटेखाली सापडू दे."

बाईंनी घंटेकडे बघितलं आणि दोन पावलं बाजूला सरकल्या.

मग व्हायचं ते होत गेलं. तळ्याच्या वाटेवर पांढरी बदकं निघाली. सातव्या वर्षी बाईंनी तळ्यात पांढरी बदकं सोडली होती. कागदावर सोडायला काय जातंय? गावाला मात्र ती विकत आणावी लागली होती, आणि मिळाली ती तिरसट निघाली. आठ बदकं मान लांब करून वन्संच्या मागं लागली. ज्या गुडघ्यांनी सहा महिन्यांत जिना चढला नव्हता, ते गुडघे उताराचा दगडी बांध ओलांडून पलीकडे गेले. वन्संनी बांधावरून छत्री उघडून धरली आणि बदकांना त्यांच्या आईवडिलांबद्दल दोन शब्द ऐकवले. बाई मधे पडल्या, तर एका बदकानं त्यांच्या पोटरीचा असा चिमटा काढला, की प्रुफात चुकी सोडल्याबद्दल मालकांनीही कधी काढला नसेल. या गडबडीत तळ्याचा काठ तसाच राहिला आणि दोघी धबधब्याच्या वाटेला लागल्या. खरं सांगायचं तर बाईंना ते बरंच वाटलं. बाकाचा निकाल तेवढाच लांबला.

धबधबा मास्तरांचा होता, म्हणजे खरा होता. पत्रकात म्हटल्यापेक्षा थोडा बारीक, पण पांढराशुभ्र, काळ्या दगडावरून दोन टप्प्यांत उतरणारा. खाली गार हिरवं पाणी, कडेला नेच्याची झुडपं. वन्संनी दगडावर बसून पाय पाण्यात सोडले. बाई पुढं गेल्या. समोर डोंगर उभा होता, आणि हाक मारण्यात काही अर्थ नाही हे साऱ्या जगात फक्त बाईंना ठाऊक होतं. ते उत्तर त्यांनीच लिहिलेलं होतं.

तरी त्यांनी हाक मारली. नाव घेऊन नाही, आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. स्वयंपाकघरातून घड्याळांच्या खोलीकडे मारायच्या तशीच.

"अहो!"

क्षणभर फक्त पाणी वाजत राहिलं. मग डोंगर म्हणाला,

"ओ!"

बाई मटकन खाली बसल्या. तशीच ओ होती. कामात मान घातलेली, जरा उशिरानं आलेली. वन्संनी पाण्यातून पाय काढले, छातीवर हात ठेवला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायचंही त्यांना सुचेना. आणखी एकदा हाक मारावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, एवढ्यात डोंगर शिंकला.

एकदा नाही, लागोपाठ तीनदा शिंकला.

"वहिनी," वन्सं सावकाश म्हणाल्या, "माझ्या भावाला सर्दी कधी झाली नव्हती." आणि छत्री भाल्यासारखी धरून त्यांनी डोंगरालाच बाहेर यायला फर्मावलं.

कातळामागून एक म्हातारा निघाला. गळ्याला मफलर, कानाला पेन्सिल. गावचा सुतार. बिचारा इतका ओशाळला होता, की कुठं बघावं हे त्याला कळेना. डोंगर उत्तर देतो असं छापून आलं, पण डोंगर काही बोलेना. पाहुणे घसा बसेपर्यंत ओरडून चिडून जायला लागले, तेव्हा गावानं हे काम त्याच्यावर टाकलं होतं. रंधा आता ओढवत नाही, आवाज मात्र खणखणीत, म्हणून. पाहुणे ओरडतील तेच त्यानं परत ओरडायचं. "सगळे आपापली नावंच ओरडतात हो," तो म्हणाला. "दोन वर्षांत कुणी असं बोलावलं नव्हतं. आमची ही बोलवायची अशी. मला वाटलं, जेवायला बोलावलं. तोंडातून ओ निघून गेली. माफ करा."

बाई त्याला माफ करणार तरी कशा? अपराधी त्याच होत्या. हे कसं सांगावं याची त्या जुळवाजुळव करत होत्या, तोवर वन्संचा अभिमान उफाळून आला. "अहो, तुमचं ते पत्रक आमच्या वहिनीच्याच हाताखालून जातं! एक अक्षर तिच्या नजरेतून सुटत नाही!"

सुतारानं मफलर सोडून पुन्हा बांधला. म्हणाला, "असं का? मग जरा खाली चला."

आणि खाली येऊन त्यानं स्वतः घंटा वाजवली.

जो तो हातातलं टाकून आला. पंधरा-वीस माणसं. कुणाच्या हातात पीठ, कुणाच्या गालाला अर्धा साबण. बाईंना दुकानासमोर खोक्यावर बसवलं. वन्सं शेजारी उभ्या, अजून सत्काराच्या आशेवर. बाईंनी मग सगळं सांगून टाकलं. घंटा, बदकं, डोंगराचं उत्तर, तळाच्या दोन ओळी, मालकांचा चहा. सांगताना त्या मान खाली घालून वन्संच्या चपलांकडे बघत होत्या. शेवटचं वाक्य त्यांना जड गेलं. "आणि वन्सं, बाकही नाहीये. तो मीच लिहिला होता. आम्हा दोघांसाठी."

वन्संच्या चपला हलल्या नाहीत.

गावानं मात्र तोंड सोडलं. न्हाव्यानं गिऱ्हाइकाला अर्धवट सोडून घंटेला पळायला लागतं त्याबद्दल विचारलं. बदकं ज्यांच्या अंगणात रात्री कोंडतात त्या आजींनी पोटऱ्या उघड्या करून दाखवल्या. बाई सगळ्याला हो म्हणत राहिल्या. दुकानवाली सगळ्यात तापलेली. ती आत गेली आणि पाहुण्यांच्या अभिप्रायाच्या वह्यांचा गठ्ठा आणून बाईंच्या मांडीवर आपटला. हे सुरू कुठून झालं ते बघाच म्हणाली. पहिली तक्रार बाकाची. तिच्या सासूबाईंच्या वेळची वही, एकोणीस वर्षांपूर्वीची.

बाईंनी पान उघडलं. अक्षर मुंगीएवढं, सरळ, एकाखाली एक.

'आगमन ११ वाजून १७ मिनिटं. पत्रकात छापलेला बाक जागेवर नाही. छापलेलं चुकीचं असणं शक्य नाही, कारण ते आमच्या घरी तपासलं जातं. तरी कृपा करून बाक करावा. मदतीला मी थांबतो.'

अकरा वाजून सतरा मिनिटं असं लिहिणारा माणूस बाईंना एकच माहीत होता. त्यांनी वही वन्संकडे दिली. वन्संनी वाचलं, पुन्हा वाचलं, चष्मा पुसून वरची तारीखही वाचली. मग म्हणाल्या, की तो दिवस मला आठवतो. माझ्याकडे जेवायला येणार होता. आला नाही. घड्याळाचे काटे आणायला गेलो होतो म्हणाला. मी चारपर्यंत उपाशी.

"बारीक अंगाचा, खिशात भिंग?" सुतारानं विचारलं. "तो तुमचा माणूस?"

बाईंनी मान हलवली. न्हाव्याच्या गिऱ्हाइकानं गालावरचा साबण पुसला.

सुतारानं जे सांगितलं ते असं. तो माणूस दिवसभर त्याच्याबरोबर फळ्या तासत बसला. मधेच जाऊन शाळेचं बंद घड्याळ चालू करून आला. संध्याकाळी बाक तळ्याकाठी मांडला आणि दोघं बसून बघतात तर सूर्य पाठीमागं, डोंगराआड! तळं पूर्वेला, सूर्य पश्चिमेला. "त्याचा चेहरा असा पडला की काय सांगू. मला म्हणतो, काही करता येईल का? मी म्हटलं, राजा, लाकडाचं काय असेल ते सांग. सूर्याचं माझ्याच्यानं व्हायचं नाही. मग बराच विचार करून म्हणाला, बाकाला पाठ लावू नका. आणि जाताना म्हणाला, तिला आणायचंय, पण आधी काहीतरी युक्ती काढतो. तिनं छापलेलं खोटं पडायला नको."

बाक नाही म्हणून बाई येत नव्हत्या आणि सूर्य नाही म्हणून तो आणत नव्हता. सतरा वर्षं दोघं एकमेकांपासून एकच गाव लपवत बसले होते.

"दोघंही सारखेच," वन्सं म्हणाल्या, आणि नाक ओढलं. "आता बाक दाखवता का, की तेही पुढच्या वर्षी?"

बाक तिथंच होता. झाडाखाली, दोन माणसांपुरता, पाठ नसलेला. पावसाउन्हानं फळ्या करड्या पडल्या होत्या, मधे बसून बसून गुळगुळीत झाल्या होत्या. गाव समंजसपणे मागं थांबलं. बदकांनाही कुणीतरी अडवून धरलं. बाई तळ्याकडे तोंड करून बसल्या. वन्सं म्हणाल्या, की मी आपली सूर्यच बघणार, एवढं तंगडतोड करून आलोय तर. त्या पलीकडे तोंड करून बसल्या आणि दोघींच्या पाठी एकमेकींना टेकल्या. वन्संच्या कमरेचा प्रश्न सुटला. बाईंचाही कसला तरी सुटला.

पाणी हळूहळू तांबूस होत गेलं. सूर्य दिसत नव्हता, पण त्याचं सगळं तळ्यात उतरत होतं. बाईंना वाटलं, हे त्याला सांगायला हवं होतं. की बघा, अगदीच खोटं नव्हतं. पण त्यानं तर आधीच बघितलेलं होतं, याच फळीवर बसून, एकट्यानं. आणि घरी येऊन काट्यांची पुडी शोधायचं नाटक केलं असणार.

"बुडाला का हो?" बाईंनी विचारलं.

"बुडतोय. गप्प बस," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा ओला होता.

त्या बराच वेळ बसल्या. मधे सुतार येऊन खाकरला. गावानं ठरवलंय, म्हणाला, पत्रकातून बदकं काढा, घंटेला ठरावीक वेळ घाला, सूर्याचं तेवढं खरं काय ते लिहा. मफलराच्या टोकाशी चाळा करत तो पुढं म्हणाला, "डोंगराचं राहू द्या. घरी तरी मला कोण हाक मारतंय?" बाईंनी राहू देते म्हटलं. मग मनगट वर करून बघितलं. सहा पंचवीस. बसला अजून वीस मिनिटं. रमतगमत जाऊ.

थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. धूळ मात्र अजून खाली बसायची होती.

वन्संनी आधी धुळीकडे बघितलं, मग बाईंच्या मनगटाकडे. भावाचं घड्याळ त्यांनी ओळखलं. त्या इतक्या दमलेल्या होत्या, की त्यांच्याच्यानं नीट रागावताही येईना. "अजून वीस मिनिटं मागंच ठेवलंयस का गं ते?"

बाईंनी घड्याळावर पदर ओढला.

"सकाळची बस कधी?"

ती बाईंना तोंडपाठ होती. साडेआठला. पत्रकात दुसऱ्या पानावर, मास्तरांची ओळ, शंभर टक्के खरी.

अंधारून येत होतं. दुकानाची फळी लागली होती. वन्संनी छत्रीच्या दांड्यानं घंटेकडे बोट दाखवलं. "कुणीतरी येतंच, असं तूच लिहिलंयस ना? मग बडव."

बाईंनी घंटेची दोरी धरली. एकोणीस वर्षांत स्वतःच्या ओळीवर विसंबायची त्यांच्यावर ही पहिलीच वेळ. त्यांनी डोळे मिटले आणि दोनदा घंटा वाजवली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तळ्याच्या बाजूनं, जरा उशिरानं, पण खणखणीत, आवाज आला,

"ओ!"

आणि पाठोपाठ एक शिंक.